आप्पांचे व्हॉल्व्ह घेऊन डोंबिवलीला

सुट्टी काढून माणसं गोव्याला जातात, देवदर्शनाला जातात. मी आणि आमचे आप्पा डोंबिवलीला गेलो. कराडला परत आल्यावर ऑफिसातल्या बायकांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी म्हटलं, पाच काचेच्या बाटल्या पाहिल्या. त्या फिदीफिदी हसल्या. हसा म्हटलं, पण आधी सगळं ऐका आणि मग काय ते बोला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. आमचे आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर बसडेपोत मेकॅनिक. इंजिनांच्या घरघरीत कान गेले ते गेलेच. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तेही उलट ओरडूनच बोलायचे. भाजीत मीठ कमी पडलंय का, हे मी आप्पांना विचारलं की शेजारच्या तीन घरांना कळायचं, कधी कधी उत्तरही तिकडूनच यायचं. कानाचं मशीन आणून पाहिलं. त्यात म्हणे नुसती भांडी आदळतात. चार दिवसांत ते देव्हाऱ्याच्या फळीवर जाऊन बसलं.

पण एक गोष्ट त्यांना ऐकू यायची. घरातला जुना लाकडी रेडिओ. ट्रान्झिस्टरचा चिरका आवाज त्यांच्या कामाचा नव्हता. ह्या रेडिओचा आवाज कसा खर्जातला, भरदार. आवाज पूर्ण वाढवायचा, पुढच्या कापडाला कान लावायचा आणि बातम्या ऐकायच्या. मग दिवसभर त्या आम्हाला सांगायच्या, वर स्वतःची मतं. सगळ्या जगाशी त्यांचं बोलणं त्या एका पेटीतून चालायचं.

ती पेटी त्यांनीच बंद पाडली, आणि तीही पूजा करून. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. डेपोत असताना आप्पा पाने-जॅक रॉकेलने धुऊन आरशासारखे लख्ख करायचे. निवृत्त झाल्यावर हत्यारं उरली कुठे? त्या वर्षी विळी झाली, शिलाई मशीन झालं, माझ्या मुलाची कंपासपेटीसुद्धा झाली, तरी यांचे हात शिवशिवतच होते. मग रेडिओ उघडला. जुन्या रेडिओत काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह असतात, ते पाचही उपटले, रॉकेलच्या फडक्याने खसाखसा पुसले, प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि परत बसवले. रेडिओ मुका झाला. आमच्या इथला दुरुस्तीवाला म्हणाला, काचेवर व्हॉल्व्हचा नंबर छापलेला असतो, तोच पुसून टाकलाय, आता कोण कुठला मी काय सांगू, भंगारात द्या. ट्रान्झिस्टर घ्या, असा सल्लाही फुकट दिला.

त्या दिवसापासून आप्पा गप्प झाले. भांडण नाही, तक्रार नाही, ओरडणंसुद्धा नाही. खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचे. चहा समोर ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. मला खरंच भीती वाटली. माणूस हयात असताना घरातून उठून चालला आहे, असं वाटायला लागलं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ट्रंक कॉल लावता लावता गावोगावच्या ऑपरेटर बायकांशी ओळखी होतात. कल्याण एक्स्चेंजच्या शैलाताई पेंडसे त्यातल्याच, राहायला डोंबिवलीला. त्यांचा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता, पण त्यांची गुडघेदुखी, मुलाचं लग्न, नवऱ्याचं जुन्या रेडिओंचं वेड, सगळं मला पाठ. लाइन रिकामी असताना मी त्यांना आप्पांचा प्रताप सांगितला. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या घरात व्हॉल्व्हचीच शेती आहे. घेऊन ये त्यांना. वडिलांनाही आण."

डोंबिवली

व्हॉल्व्ह लाडवाच्या डब्यात चुरमुऱ्यांत पुरून नेले. डोंबिवलीला पोहोचून डबा उघडला तर चुरमुरे निम्म्याला आलेले. आप्पांनी वाटेत मूठमूठ करून खाल्ले होते. व्हॉल्व्ह शाबूत होते हे नशीब, रॉकेलचा वास आप्पांना जाणवला नाही हे दुसरं.

शैलाताईंच्या दारात एक ठेंगण्या, चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. माझ्या मनातल्या शैलाताई उंच होत्या, त्यामुळे मी त्यांनाच विचारलं, पेंडसे कुठे राहतात? त्या "आलीस का गं" म्हणाल्या आणि मी तो आवाज ऐकून वेड्यासारखी त्यांच्या गळ्यात पडले. त्याही म्हणाल्या, मला वाटलेलं तू बारीक असशील. इतक्या वर्षांची मैत्री, म्हणून वाईट वाटून घेतलं नाही.

त्यांचे यजमान तारखात्यातून निवृत्त झालेले. आमच्याकडे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, म्हणून मी सरळ दाजी म्हणायला लागले. डोंबिवलीत त्यांना असं कुणी म्हटलेलं नव्हतं. ते इतके खूश झाले की शेजाऱ्यांशी माझी ओळख करून देताना, "ही मला दाजी म्हणते," एवढंच सांगायचे.

जेवायला आमटी होती, पण कसली आमटी! गुळाची. आमच्या कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या जिभेला कळेना, हे जेवण आहे का पक्वान्न. आप्पांनी मात्र दोनदा मागून घेतली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी काही मागितलं, म्हणून मला त्या गुळावर प्रेम बसलं.

जेवणानंतर दाजींनी टेबलावर पांढरा पंचा अंथरला आणि पाच व्हॉल्व्ह ओळीने मांडले. पहिला उचलला, तोंडाजवळ नेला आणि चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी हाऽ करून वाफ सोडली. काच धुरकटली आणि त्या धुक्यात नंबर उमटला. मी डोळे चोळले. शाई पुसली तरी तिची खूण काचेवर राहते म्हणे, तिथे वाफ वेगळी धरते. आप्पा खुर्ची सरकवून पुढे आले. दुसरा, तिसरा, चौथा, प्रत्येकाने वाफेत आपापलं नाव सांगितलं आणि वाफ विरली की परत नाहीसं झालं. दाजी प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवत गेले.

पाचवा काही बोलेना. त्याच्या डोक्यावर आतून चांदीसारखी चकाकी असायला हवी, ती दुधासारखी पांढरी पडली होती. दाजींनी मान हलवली. आत हवा शिरली, हा संपला. आप्पांनी जोरात पिळताना काच बुडाशी तडकली असावी. नेमका हाच आवाज मोठा करणारा व्हॉल्व्ह, बाकीचे चार त्याच्या जिवावर. त्याच्या जागी दुसरा आणायचा तर नंबर कळायला हवा, आणि ह्याचाच नंबर सगळ्यांत जोर लावून पुसलेला.

मग नवरा-बायकोची जुंपली. काचेतून आतले पत्रे बघून दाजी म्हणायचे हा ६ एफ ६, शैलाताई म्हणायच्या ६ व्ही ६. तारखात्यातला माणूस मी का तू, असं दाजींनी विचारलं. शैलाताई म्हणाल्या, खात्यात तुम्ही असाल, पण आयुष्यभर ह्यांच्यावरची धूळ मी पुसलीय, आणि ती कोरड्या फडक्याने. आप्पांना ऐकू आलं नाही, ते बरं झालं.

शेवटी दाजींनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या केसांकडे पाहिलं. मी पक्की कराडची, डोक्याला खोबरेल तेल चपचपीत. ते संकोचत म्हणाले, जरा वेणीवर घासू का? मी डोकं पुढे केलं. पाहुणी म्हणून कुणाच्या घरी जाऊन डोक्यावर व्हॉल्व्ह घासून घेणारी मी जगातली पहिलीच असेन. तेलकट काचेवर परत वाफ सोडली, आणि पुसट, पण स्पष्ट, एक सहा आणि त्याच्या पुढे व्ही उमटला. पुढचं नाही, पण तेवढं पुरे होतं, फक्त दाजींच्या शेतीत जास्तीचा ६ व्ही ६ एकही निघाला नाही. दाजी निमूटपणे उठून चहा टाकायला गेले.

चहा घेताना त्यांनी पाटीवर लिहून आप्पांना विचारलं, व्हॉल्व्ह परत बसवताना कोणता कुठे बसवला? आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "उंचीप्रमाणं लावले. शाळंतल्या फोटोसारखे." म्हणजे अदलाबदलही झाली होती. दाजींना इतकं हसू आलं की चहा बशीत सांडला. आप्पाही हसले. सगळे का हसतायत ते त्यांना कळलं नव्हतं, तरी हसले.

कल्याण

पुढचे दोन दिवस शैलाताईंची ड्यूटी नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या, मी आणि आप्पा रिक्षाने कल्याणला गेलो. दाजींनी येताना पाव आणायला सांगून घरी आपलं व्हॉल्व्ह तपासायचं टेस्टर साफ करायला घेतलं. आप्पांना दुर्गाडी किल्ला दाखवला. त्यांनी खाली खाडीतली होडी बघून तिच्या इंजिनाबद्दल काहीतरी मत दिलं, ते नावाड्यापर्यंत पोहोचलं आणि त्याने हात हलवला.

बाजारातल्या गल्ल्या कराडच्या गल्ल्यांसारख्याच, फक्त माणसं दुप्पट घाईत. आमच्याकडे दुकानदार आधी गाव विचारतो, मग माल दाखवतो. इथे माल दाखवून होईपर्यंत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो. जुन्या रेडिओच्या सामानाचं एक दुकान सापडलं. दुकानदार तरतरीत, हसरा. ६ व्ही ६ आहे का म्हटल्यावर त्याने लगेच डबा काढून एक चकचकीत व्हॉल्व्ह पुढे ठेवला, पांढऱ्या अक्षरांत ठळक नंबर छापलेला. माझा जीव भांड्यात पडला. मी पर्समध्ये हात घातला.

शैलाताईंनी तो उचलला आणि हाऽ करून वाफ सोडली. पांढऱ्या नंबराच्या खाली, आडवा, दुसराच नंबर हळूच वर आला. कुणीतरी जुना खोडून नवा छापलेला. शैलाताईंनी व्हॉल्व्ह त्याच्यासमोर धरला. तो वाकून बघत राहिला.

"ताई, आईशप्पत, मी घेतलेला तेव्हा पण हाच नंबर होता," तो म्हणाला. मग स्वतःच डब्यातला दुसरा उचलून त्यावर वाफ सोडली, मग तिसरा. तिन्हींच्या पोटात दुसरं नाव. आम्ही तिथून निघेपर्यंत तो सगळ्या डब्यावर वाफा सोडत बसला होता आणि गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. पण भला माणूस. खरा माल हवा असेल तर ठाण्याच्या कोळीवाड्यात हिराबाईंकडे जा, असं त्यानेच सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांचा लग्नाच्या लाउडस्पीकरचा धंदा होता, मोठ्या आवाजाच्या मशीनला हेच व्हॉल्व्ह लागायचे. हिराबाई विकत नाहीत, हेही त्याने सांगून ठेवलं.

संध्याकाळी आप्पा परत भिंतीकडे बघत बसले. दुकानातला व्हॉल्व्ह बघून त्यांना वाटलं होतं काम झालं. त्यांना पाटीवर 'उद्या' एवढंच लिहून दाखवलं, त्यांनी ते वाचून बोटाने पुसून टाकलं.

ठाणे

आम्ही तिघं पोहोचलो तेव्हा ठाण्याच्या खाडीला ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडलेल्या, दोरीवर बोंबील वाळत घातलेले. आमच्याकडे अंगणात मिरच्या वाळतात, इथे मासे. वासाने आधी मी नाकाला पदर लावला, मग लाज वाटून काढला. शैलाताई पेंडशांकडच्या, पण त्यांनी पदर लावलाच नाही. ठाण्या-कल्याणच्या माणसांना सवय असते.

हिराबाई साठीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. कशाला आलो ते ऐकून घेतलं आणि विषयच बदलला. "बस गो बाय. जेवल्याबिगर जावाचा नाय." मी सांगायला गेले, आम्ही जेवून आलोय. ऐकतंय कोण? तांदळाच्या मऊ भाकऱ्या, ओल्या बोंबलाचं कालवण. शैलाताईंना लोणचं आणि भाकरी. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेतला, काट्यांशी झटापट करून खायचा. हा बोंबील तोंडात घातला की विरघळायचा. आप्पांनी ताट पुसून खाल्लं आणि "अजून हाय का?" असं इतक्या जोरात विचारलं की शेजारची बाई डोकावली.

हिराबाईंनी आप्पांकडे निरखून पाहिलं. कानाकडे बोट दाखवून मला विचारलं, बहिरा का? मी हो म्हटलं, आणि मग रेडिओची, कापडाला लावलेल्या कानाची, खंडेनवमीची सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता, हे नाही मिळालं तर आप्पा असेच गप्प राहतील आणि गप्पच जातील, असं मी बोलून गेले. परक्या बाईसमोर बोलले.

त्या हसल्या. त्यांचा सासराही तसाच, म्हणाल्या. "भोंग्याखाली बसून बसून कान गेलं त्याचं. मंग आमी मशीन चालू करू न मायकातून बोलू. जेवाला ये सांगाला पन मायक." त्यांची सून आणि त्या दोघी पोट धरून हसत होत्या. मी हसलेच नाही. माझ्या डोक्यात काहीतरी टक्कन लागलं होतं.

मग हिराबाईंनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत भाताचं तूस भरलेलं, खाडीची दमट हवा लागू नये म्हणून. तुसात हात घालून चाचपत त्यांनी तीन व्हॉल्व्ह काढले. शैलाताईंनी तिन्हींवर वाफ सोडून पाहिली. छापलेलं आणि उमटलेलं एकच होतं. जिवंत कोण, मेलेला कोण, हे मात्र हिराबाईंनाही ठाऊक नव्हतं, बरीच वर्षं मशीन चाललं नव्हतं. पैशाची गोष्ट काढली तर त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. म्हणाल्या, ह्यांनी गावची लग्नं गाजवली, हे विकायचे नसतात. "वाजला तं कलव," एवढंच मागितलं.

पुन्हा डोंबिवली

दाजींनी टेस्टर मांडून ठेवलं होतं. स्वतः बनवलेली लाकडी पेटी, वर व्हॉल्व्ह बसवायची भोकं आणि एक काटा. काटा हिरव्या पट्ट्यात गेला तर व्हॉल्व्ह चांगला. पाव आणायचं आम्ही दोन्ही दिवस विसरलो, ते त्यांनी काढून दाखवलं आणि मग कामाला लागले.

पहिला बसवला. आतली तार तांबडी व्हायला हवी, ती झालीच नाही. मेलेला. दुसऱ्याची तार पेटली, काटाही वर गेला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात दाजींनी काचेवर पेन्सिलने टकटक केलं आणि काटा थाडथाड उडायला लागला. हा रेडिओत लावला तर घंटेसारखा वाजत राहील म्हणे. तोही बाजूला.

तिसरा. तार हळूहळू लाल झाली. काटा जागचा हलेना. मी तो काढायला हात पुढे केला. दाजी म्हणाले, थांब गं, म्हातारा आहे, त्याला तापायला वेळ लागतो. आप्पा टेबलाच्या काठाला दोन्ही हात धरून काट्याकडे बघत होते, त्यांना ह्यातलं ऐकायचं काही नव्हतंच, जे होतं ते दिसत होतं. काटा हलला. वर सरकला, तांबडा पट्टा ओलांडला, हिरव्यात जाऊन थांबला. दाजींनी टकटक केलं. ढिम्म. परत टकटक केलं. आप्पांनी दाजींच्या पाठीत असा धपाटा घातला की बिचाऱ्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

दाजींकडे आमच्यासारखाच पाच व्हॉल्व्हचा, पण कधीचा रिकामा पडलेला रेडिओ होता. त्यात आमचे चार आणि हिराबाईंचा एक, असे पाचही आपापल्या जागी बसवले. खर्जातला घुमारा आला, मग बातम्या. आप्पांनी कापडाला कान लावला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने बातम्या देणाऱ्या माणसाला म्हणाले, "खोटं बोलतोस लेका." शैलाताईंनी देवापुढे साखर ठेवली.

मी दाजींना बाजूला घेऊन विचारलं, ह्या रेडिओला माइक लावता येतो का? येतो की, म्हणाले, मागे ग्रामोफोन जोडायची जागा असते, तिथे लागतो. त्यांच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक होता. जोडल्याबरोबर रेडिओने कर्णकर्कश शिट्टी मारली. माइक आणि रेडिओ एका खोलीत नको, म्हणून लांब वायर लावून मला स्वयंपाकघरात उभं केलं. आप्पा बाहेरच्या खोलीत, कान कापडाला. मी काय करतेय ते त्यांना माहीत नव्हतं.

रोज शेकडो अनोळखी माणसं माझा आवाज ऐकतात, त्यावर माझं घर चालतं. आणि माझ्या बापाने तो धड ऐकून किती वर्षं झाली, मला आठवेना. शैलाताईंनी ढोसलं, चहाचं विचार. मी सवयीने बेंबीच्या देठापासून ओरडले, "आप्पाऽ, चहा घेणाऽर का?"

बाहेरून आप्पांचा आवाज आला. इतका हळू की मला तो ओळखायला क्षणभर लागला, मी लहान असताना ते असं बोलायचे.

"ओरडतीस कशाला गं, कुसुम? ऐकू येतंय की."

मी माइक तोंडाशी धरून नुसती उभी. शैलाताईंनी गॅस बंद केला.

"गप का झालीस," आप्पा म्हणाले. "बोल आता."